व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घ्यायचाय? आधी स्पीकरची पाठ बघा

घरी गाणं ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा, यावर बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांनी व्हॉल्व्हचं नाव आधी लिहिलंय, स्पीकरचं शेवटी, आणि काहींनी स्पीकरचं लिहिलेलंच नाही. आमच्या मते क्रम उलटा हवा: स्पीकर, घरातला व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मर आणि मग व्हॉल्व्ह. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

पुणे: खोली १२ बाय १४ फूट. बुकशेल्फ स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ‘८६ डीबी, ४ ओहम’ लिहिलंय. मुख्यतः ख्याल ऐकतो, अधूनमधून नाट्यपदं. ३००बी व्हॉल्व्हचा ८ वॉटचा सिंगल एंडेड (चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला) अ‍ॅम्प मनात भरलाय. पुरेल का?

नाही पुरणार. गाणं सुरू होईल, पहिली पंधरा मिनिटं छानही वाटेल. पण दोष सुरुवातीला कळत नाही, लय वाढली की कळतो.

पट्टीवरचा ८६ हा आकडा, म्हणजे एका मीटरवर मिळणारा आवाज, बहुधा २.८३ व्होल्टला मोजलेला आहे. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेच २ वॉट होतात. म्हणजे तुमचा स्पीकर एका वॉटला खरं तर ८३ डेसिबल देतो. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, या हिशेबाने ८ वॉटला ९ वाढले आणि ९२ झाले. दोन स्पीकरचे ३ धरले तर ९५. हे झालं एका मीटरवर. तुम्ही पावणेतीन मीटरवर बसत असाल तर तुमच्या आकाराच्या खोलीत साधारण ५ वजा होतात. उरले ९०, आणि हे टोक आहे, सरासरी नव्हे.

ख्याल घरात ऐकताना सरासरी आवाज ७२ ते ७५ डेसिबल असतो. तबल्याची थाप त्याच्या वर १५-१८ डेसिबल सहज उडी मारते. थोडक्यात, विलंबितात सगळं ठीक चालेल आणि द्रुतात नेमकं थापेवर अ‍ॅम्प संपेल. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प संपताना ट्रान्झिस्टरसारखा ‘टर्र’ आवाज करत नाही, म्हणून फसायला होतं. थापेची धार जाते, बायाँ फुगून पसरतो आणि त्याच क्षणी गायकाचा तार षड्ज किंचित खरखरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, रेकॉर्डिंगच तसं असेल.

३००बी हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ सालचा व्हॉल्व्ह. त्या काळचे सिनेमागृहांतले भोंग्याचे स्पीकर एका वॉटला शंभर डेसिबलच्या वर जायचे, तिथे ८ वॉट म्हणजे चंगळ होती. तुमच्या स्पीकरला ईएल ३४ व्हॉल्व्हची जोडी असलेला पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणारा), प्रत्येक चॅनलला ३५ वॉटच्या आसपासचा अ‍ॅम्प घ्या. ८ वरून ३५ म्हणजे ६ डेसिबलपेक्षा थोडी जास्त मोकळीक. ३००बीच हवा असेल तर आधी ९४-९५ डेसिबलचे, ८ ओहमचे स्पीकर शोधा. त्यांची खोकी मोठी असतात, घरच्यांना आधी विचारा.

कोल्हापूर: दुकानात किंवा कुणाच्या घरी अ‍ॅम्प ऐकायला जातो तेव्हा नेमकं काय ऐकायचं? अर्ध्या तासात सगळंच चांगलं वाटतं.

अर्धा तास फक्त अ‍ॅम्प तापायला लागतो. आदल्या दिवशी फोन करून सांगा, की तुम्ही पोचायच्या आधी अर्धा-पाऊण तास अ‍ॅम्प चालू ठेवा. शक्य असेल तर स्वतःचे स्पीकर गाडीत टाका. दुकानातल्या ९८ डेसिबलच्या भोंग्यावर जो अ‍ॅम्प देवासारखा वाजतो, तोच तुमच्या घरी धापा टाकतो.

गाणं लावण्याआधी काहीच लावू नका. इनपुटची वायर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर, आणि कान स्पीकरच्या जाळीला लावा. मग पाऊणभर फिरवून पुन्हा ऐका. हलकी ‘स्स’ चालेल. घुमणारा आवाज असेल तर तो कुठला ते ओळखा. अगदी खर्जातली हम ५० हर्ट्झची, ती व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरच्या वायरिंगमधून किंवा अर्थच्या लूपमधून येते. तिच्या वरच्या सप्तकातली, जरा कर्कश भुणभुण १०० हर्ट्झची. ती पॉवर सप्लायची: फिल्टर कंडेन्सर थकलेत, किंवा पुश-पुलमधल्या दोन व्हॉल्व्हची जोडी जुळत नाही. जोडी जुळलेली असेल तर हीच हम आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आपसांत वजा होते. मल्टिमीटर असेल तर स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. १ मिलिव्होल्ट म्हणजे ९० डेसिबलच्या स्पीकरवर एका मीटरला जेमतेम २१ डेसिबल, रात्रीसुद्धा ऐकू येणार नाही. ५ मिलिव्होल्ट झाले तर रात्री साडेदहानंतर तानपुऱ्यात पाचवी तार असल्यासारखी हम सोबत करेल. स्पीकर शांत आणि अ‍ॅम्पचं खोकंच गुणगुणत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक आवाज. मीटरभरावरून ऐकू आला तर नापास करा.

दोन अ‍ॅम्पची तुलना करायची तर आवाज सारखा केल्याशिवाय करू नका. अर्धा डेसिबल मोठा वाजणारा अ‍ॅम्प प्रत्येक वेळी ‘जास्त खुला’ वाटतो. पिंक नॉइजची (सलग ‘श्श’ अशा आवाजाची) फाइल लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा आणि दोन्हींचा आकडा दोन टक्क्यांच्या आत आणा, म्हणजे एकाचा २.०० तर दुसऱ्याचा १.९६ ते २.०४. व्हॉल्यूमच्या खुंटीवर पेन्सिलीने खूण करा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

आता गाणं. तुम्हाला तोंडपाठ असलेल्या तीन-चार ध्वनिमुद्रिका पुरेत. नुसता तानपुरा आधी: जवारी मोकळी होते का, प्रत्येक तारेचा स्वर सुटा राहतो का, की चारही तारांचा मिळून गोड पाक होतो? पाक झाला तर विकृती जास्त आहे. कानाला सुखद वाटते, पण तासाभराने सगळे गायक एकाच घराण्याचे वाटू लागतात. मग बायाँवरची मींड. मनगट सरकताना स्वर वर-खाली होतो, तो प्रवास सलग ऐकू आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अचानक फुगला तर अ‍ॅम्पची स्पीकरवरची पकड ढिली आहे. त्यानंतर पेटी. पेटीत वरचे हार्मोनिक भरपूर असल्यामुळे वरच्या सुरांचा पट्टा चढलेला असेल तर तिथे कळतं. शेवटी वाद्यवृंद किंवा मोठा कोरस, नेहमीपेक्षा जरा चढ्या आवाजात, दहा मिनिटं.

व्हॉल्यूम अगदी खाली आणूनही बघा. स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये तळाशी डावा-उजवा सारखा राहत नाही, गायक एका बाजूला सरकतो. रात्री हळू ऐकणाऱ्याला हे रोज छळणार.

मागे ४ आणि ८ ओहमची टर्मिनल असतील तर दोन्ही ऐका. स्पीकरवर ८ लिहिलंय म्हणून ८च बरोबर, असं नाही. इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विजेला होणारा विरोध) काही ठिकाणी साडेतीन ओहमपर्यंत खाली जाणारे ‘८ ओहम’चे स्पीकर बाजारात पुष्कळ आहेत. ४ च्या टर्मिनलवर आवाज जरा कमी मिळतो, पण अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स साधारण निम्मा होतो आणि मंद्र आवरला जातो. बदलताना अ‍ॅम्प बंद करा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला सिग्नल देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत व्होल्टेज उसळून इन्सुलेशन फुटतं, आणि अ‍ॅम्पमधला सगळ्यात महाग भाग तोच.

आणि अ‍ॅम्प उचलून बघा. ३५-४० वॉटचा स्टीरिओ पुश-पुल १८-२० किलोच्या आसपास भरतो. त्याच वॉटचा दावा करणारा डबा ८ किलोचा असेल तर ट्रान्सफॉर्मरचं लोखंड वाचवलंय. असा अ‍ॅम्प हजार हर्ट्झला पूर्ण वॉट देतो आणि चाळीस हर्ट्झला निम्म्यातच ट्रान्सफॉर्मरचा कोर भरून जातो. ४० हर्ट्झचा टोन लावून आवाज हळूहळू वाढवा. शुद्ध घुमारा असताना अचानक त्यात वरचे स्वर मिसळू लागले की ती मर्यादा आली. मात्र अशीच मर्यादा छोट्या स्पीकरचीही असते, म्हणून ही परीक्षा मोठ्या स्पीकरवर घ्या.

नागपूर: आमच्याकडे रात्री व्होल्टेज २४८ पर्यंत जातो. परदेशातून मागवायचा अ‍ॅम्प २२० व्होल्टचा आहे. फरक पडेल का?

पडेल, आणि तो व्हॉल्व्हच्या आयुष्यावर पडेल. हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९. ट्रान्सफॉर्मर २२० चा आणि पुरवठा २४८ चा असेल तर हीटरवर ७.१ व्होल्ट येतात. हाच ट्रान्सफॉर्मर २३० चा असता तर ६.८ आले असते, कसंबसं चाललं असतं. त्याच प्रमाणात ४३० व्होल्टचा एचटी (व्हॉल्व्हला लागणारा चढा डीसी व्होल्टेज) ४८५ होतो. पॉवर सप्लायमध्ये डायोड असतील तर चालू केल्यावरचे पहिले वीस-पंचवीस सेकंद व्हॉल्व्ह थंड असल्यामुळे लोड नसतो, तेव्हा तो आणखी चढतो. आत ४५० व्होल्टचे कंडेन्सर असतील तर एखाद्या रात्री फट्ट.

पहिलं काम पैशाचं नाही: आठवडाभर सकाळी, दुपारी, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. उपाय त्या वहीवर ठरतो.

व्होल्टेज सतत चढाच, म्हणजे २४० ते २५० असेल, तर बक (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. २३० ते २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर, त्याची सेकंडरी लाइनमध्ये उलट्या फेजने. २४८ मधून सुमारे २६ वजा होऊन २२२ मिळतात. काही हलत नाही, काही आवाज करत नाही. पण सेकंडरी सुलटी जोडली गेली तर वजा होण्याऐवजी बेरीज होते आणि अ‍ॅम्पला २७४ मिळतात. म्हणून काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून, बंद खोक्यात, फ्यूजसह करून घ्या आणि आधी ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लावून व्होल्ट मोजा.

तुमच्याकडे उन्हाळ्यात एसी-कूलर सुरू झाले की व्होल्टेज २१० पर्यंत उतरत असेल तर मात्र बक चालणार नाही. तिथून १८८ च उरतील आणि हीटर साडेपाचच्याही खाली जाईल. अशा ठिकाणी १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर, शेजारच्या खोलीत ठेवून. फ्रिजला लावतात तो रिलेचा स्टॅबिलायझर नको. तो टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला स्पीकरमध्ये ‘टक’ होते. डिमरस्टॅटने (खुंटी फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) काम होतं, पण त्याची खुंटी फिरण्याजोगी मोकळी ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर का, ते सांगायला नको.

सगळ्यात स्वस्त उपाय: विकणाऱ्याला ट्रान्सफॉर्मरवर २४० व्होल्टचं टॅपिंग (वेगळं टोक) आहे का ते पैसे भरायच्या आधी विचारा. पुष्कळदा असतं, नुसती आतली एक वायर बदलून येते.

ठाणे: ऑनलाइन एक छोटा ‘ट्यूब अ‍ॅम्प’ दिसतो, १०० वॉट, दोन व्हॉल्व्ह नारिंगी चमकतात, वजन एक किलो. घ्यावा का?

ती चमक व्हॉल्व्हखाली बसवलेल्या एलईडीची आहे. आवाज वाढवण्याचं काम आतली क्लास-डी (ट्रान्झिस्टरची) चिप करते. दोन छोटे व्हॉल्व्ह, बहुधा ६जे१, सिग्नलच्या वाटेत नुसते उभे केलेले असतात. चिपचा अ‍ॅम्प म्हणून तो वाईट असेलच असं नाही, पण व्हॉल्व्ह अ‍ॅम्प नव्हे. ओळख सोपी: खऱ्या स्टीरिओ व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर लोखंडाचे तीन गठ्ठे मोजता येतात, एक पॉवरचा आणि दोन आउटपुटचे. फार थोडे, ओटीएल पद्धतीचे, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले अ‍ॅम्प याला अपवाद, आणि तेही एक किलोचे नसतात.

नाशिक: एका अ‍ॅम्पचा डॅम्पिंग फॅक्टर ३, दुसऱ्याचा २३. विक्रेता म्हणतो, व्हॉल्व्हमध्ये हा आकडा बघायचा नसतो.

उलट व्हॉल्व्हमध्येच बघायचा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये १०० आणि २०० यांत ऐकू येईल असा फरक नसतो, पण ३ आणि २३ यांत स्पीकरचा स्वभावच बदलतो. डॅम्पिंग फॅक्टर स्पीकरवरची पकड सांगतो; तो म्हणजे ८ ओहम भागिले अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स. तो घरी मोजता येतो, माहितीपत्रकावर विसंबायची गरज नाही.

८ ओहम, १० वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टन्स आणा. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. आणि असा मल्टिमीटर हवा ज्यावर एसीची २ किंवा ४ व्होल्टची रेंज आहे. स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर हे मोजमाप होत नाही. अ‍ॅम्प बंद असताना स्पीकर काढून ८ ओहमच्या टर्मिनलवर एक रेझिस्टन्स जोडा. चालू करा, तापू द्या, ४०० हर्ट्झचा टोन लावा आणि मीटरवर २.०० व्होल्ट येईपर्यंत व्हॉल्यूम वाढवा. आता व्हॉल्यूमला हात न लावता दुसरा रेझिस्टन्स पहिल्याला समांतर जोडा. लोड ४ ओहम झाला, आकडा खाली येईल.

समजा १.६० आला. व्होल्ट पडले ०.४०. करंट आधी २.०० भागिले ८ म्हणजे ०.२५ अँपिअर होता, आता १.६० भागिले ४ म्हणजे ०.४० झाला, वाढला ०.१५. पडलेले व्होल्ट भागिले वाढलेला करंट, ०.४० भागिले ०.१५, म्हणजे २.६७ ओहम. डॅम्पिंग फॅक्टर ३. दुसऱ्या अ‍ॅम्पवर आकडा १.९२ वर थांबला तर ०.०८ भागिले ०.२३, म्हणजे सुमारे ०.३५ ओहम. डॅम्पिंग २३.

आता ज्याचा इम्पिडन्स ३.२ ओहम ते २० ओहम असा हेलकावतो, तो स्पीकर जोडा. पहिल्या अ‍ॅम्पवर स्पीकरला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये पट्ट्यापट्ट्यात ४ डेसिबलहून थोडा जास्त चढउतार होईल, दुसऱ्यावर पाऊण डेसिबल. ४ डेसिबल म्हणजे कुणीतरी तुम्हाला न विचारता टोन कंट्रोल फिरवून ठेवल्यासारखं. ज्याचा इम्पिडन्स सपाट आहे अशा स्पीकरवर तोच पहिला अ‍ॅम्प सुरेख वाजतो, म्हणून त्याला बाद ठरवू नका. स्पीकरचा इम्पिडन्सचा आलेख मिळवा. बहुतेक मोजमापं देणाऱ्या परीक्षणांत तो छापलेला असतो.

सोलापूर: अ‍ॅम्प किती तापतो आणि वीज किती खातो?

चार ईएल ३४ चा स्टीरिओ अ‍ॅम्प साधारण १३० ते १५० वॉट घेतो, गाणं चालू असो वा नसो. त्यातले ३८ वॉट नुसत्या चार हीटरचे. रोज चार तास ऐकलं तर महिन्याला १६ ते १८ युनिट. सोलापूरच्या मे महिन्यात खरा प्रश्न बिलाचा नाही, खोलीचा आहे. वर किमान सहा इंच मोकळं सोडा, काचेच्या कपाटात कोंडू नका. पंख्याचा झोत थेट व्हॉल्व्हवर नको, खोलीत हवा खेळती असली की पुरे.

रत्नागिरी: पावसाळ्यात अ‍ॅम्प कुरकुरतो आणि गेल्या श्रावणात एकदा फ्यूज उडाला. दुरुस्त करणाऱ्याला आत पाल सापडली.

कोकण-गोव्यात हे नवल नाही. व्हॉल्व्हच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे आणि उबेला पाल येते, आणि ४३० व्होल्टच्या टोकापासून चासीपर्यंत (धातूच्या सांगाड्यापर्यंत) तिची लांबी बरोबर पुरते. पाल काढली म्हणजे काम झालं असं नाही. जिथे ठिणगी पडली तिथे व्हॉल्व्ह ज्यात बसतो त्या बेसवर किंवा टॅगबोर्डावर (सुटे भाग जोडायच्या पट्टीवर) कोळशाची काळी रेघ उरते. ती वीज वाहते, आणि पुढच्या दमट दिवशी फ्यूज पुन्हा जातो. तो बेस बदलायलाच सांगा, घासून भागत नाही. तळाच्या भोकांवर ३-४ मिलिमीटरची धातूची जाळी चासीला स्क्रूने पक्की बसवून घ्या. हवा चालू राहते, पाल बाहेर राहते.

कुरकुरीचं कारण बहुधा व्हॉल्व्हच्या पिना आणि व्हॉल्यूम कंट्रोल. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, अर्धा तास थांबा. मग प्रत्येक व्हॉल्व्ह काचेला धरून नव्हे, बुंध्याला धरून काढा. छोट्या नऊ पिनांच्या व्हॉल्व्हला बुंधा नसतो, तो न हलवता सरळ वर ओढा. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन-तीनदा आत-बाहेर करा. गंज सोडवायचं तेल आत मारू नका, त्यावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते.

जून ते सप्टेंबर दर दोन-तीन दिवसांनी तासभर अ‍ॅम्प चालवा, ट्रान्सफॉर्मरमधल्या कागदाने धरलेली ओल निघून जाते. झाकायला सुती कापड, तेही पूर्ण थंड झाल्यावर. प्लास्टिकच्या कव्हरखाली वाफ कोंडते. तळाचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये जीवघेणं व्होल्टेज बराच वेळ राहू शकतं.

सातारा: जुना इंग्लिश अ‍ॅम्प, क्वाड टूची जोडी, विकायला आहे. ‘चालू स्थितीत’ आहे म्हणतात. कॉलेजातल्या मित्राकडे मल्टिमीटर आहे, तो मोजून देईल.

क्वाड टू १९५३ चा. प्रत्येक मोनो युनिटमध्ये केटी ६६ व्हॉल्व्हची जोडी, १५ वॉट. आपल्याकडे त्याचा एक फायदा: तो इंग्लंडच्या २४० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनलेला, त्यामुळे नागपूरच्या वाचकांसारखी पंचाईत नाही. व्होल्टेज निवडायची जागा कुठल्या आकड्यावर लावलीय तेवढी बघा.

‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांवर विश्वास नको. थेट २३० ला लावून दाखवत असतील तर थांबवा. बरीच वर्षं बंद पडलेला अ‍ॅम्प आधी ६० वॉटच्या बल्बसोबत सिरीजमध्ये लावतात. बल्ब झगझगीत पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आधी चमकून मग मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. मोजमाप मित्राने नव्हे, साडेचारशे व्होल्टवर काम केलेल्या मेकॅनिकने करावं. त्याला एवढंच सांगा: आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी किती आहे ते बघा. शून्याच्या जवळ हवा. एक-दीड व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तर कपलिंग कंडेन्सर गळतोय, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतोय आणि त्याची धग शेवटी ट्रान्सफॉर्मरला लागते. कंडेन्सर बदलणं स्वस्त. मूळ ट्रान्सफॉर्मर जळला की सौदा फसला, म्हणून चारही ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का आणि डांबर ओघळलंय का, हे किंमत ठरवण्याआधी बघा. स्पीकरच्या इम्पिडन्ससाठी लिंक आतून बदलाव्या लागतात. पुष्कळ जोड्या १५ ओहमवरच लावलेल्या सापडतात आणि नवा मालक ८ ओहमचा स्पीकर जोडून ‘दम नाही’ म्हणतो.

पणजी: ईएल ३४ च्या जागी केटी ८८ बसतात का? आणि जुन्या बाजारातले बीईएलचे व्हॉल्व्ह घ्यावेत का?

बसतात, पिनाही बहुतांश जुळतात, आणि म्हणूनच अ‍ॅम्प जळतात. ईएल ३४ साठी लावलेला बायस (व्हॉल्व्हचा करंट ठरवणारं ग्रिडचं निगेटिव्ह व्होल्टेज) केटी ८८ ला अपुरा पडतो, तो जास्त करंट ओढतो. अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तरच घाला आणि लगेच बायस लावा. ईएल ३४ ची अ‍ॅनोडची मर्यादा २५ वॉट, त्याच्या सत्तर टक्के म्हणजे साडेसतरा. एचटी ४३० असेल तर १७.५ भागिले ४३०, म्हणजे ४० मिलिअँपिअर. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टन्स असेल तर मीटरवर ४० मिलिव्होल्ट दिसतील. नवे व्हॉल्व्ह घातल्यावर अर्ध्या तासाने आणि पुन्हा आठवड्याने तपासा. सेल्फ बायसच्या (बायस आपोआप लागणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये हे करावं लागत नाही, विसरभोळ्यांनी तोच घ्यावा.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी ८३ आणि ईएल ८४ चांगले असतात, खरोखर न वापरलेले मिळाले तर. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरट पडला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह मेला. पिनांवर ओरखडे असतील तर ‘नवा’ हा शब्द किमतीतून वजा करा. ईएल ८४ एकाच चॅनलमध्ये जोडीने लागतात, तर टेस्टरवर दोघांचा करंट एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवा.

उलटा प्रकारही होतो: केटी ८८ साठीच बनवलेल्या अ‍ॅम्पमध्ये कुणी ईएल ३४ घालतं. केटी ८८ ला पिन १ चं काम नसतं, ईएल ३४ मध्ये तिथे सप्रेसर ग्रिड असते आणि ती कॅथोडला जोडलेली लागते. व्हॉल्व्ह घालण्याआधी मेकॅनिककडून बेसवरची पिन १ आणि पिन ८ यांच्यात कंटिन्युइटी तपासून घ्या. मीटर वाजला नाही तर वायरचा एक तुकडा सोल्डर करायला सांगा, मगच ईएल ३४ लावा.